हवा हवी, पण कशासाठी?

पदव्युत्तर वर्गाच्या पहिल्या वर्षी मी यीस्टचा एक फ्लास्क रात्रभर शेकरवर ठेवला होता. २५० मिलिलिटरचा फ्लास्क, त्यात ५० मिलिलिटर माध्यम, माध्यमात २ टक्के ग्लुकोज, तोंडाला कापसाचा बोळा, तापमान ३० अंश सेल्सिअस आणि मिनिटाला २०० फेरे. अपेक्षित निष्कर्ष मी आदल्या संध्याकाळीच प्रयोगवहीत लिहून ठेवला होता: हवा भरपूर मिळत असल्यामुळे पेशी श्वसन करतील, किण्वन होणार नाही, म्हणून अल्कोहोलही तयार होणार नाही. सकाळी बोळा काढला आणि अल्कोहोलचा वास थेट नाकात शिरला. रात्री वीज गेली असेल आणि शेकर थांबला असेल, असे मला आधी वाटले. पण शेकर तर माझ्यासमोर फिरतच होता आणि त्याच्यावरच्या घड्याळाने रात्रीत खंड पडल्याचे काहीच दाखवले नव्हते. मी फ्लास्क घेऊन सरांकडे गेले. त्यांनी वास घेतला, माझी वही वाचली आणि एवढेच विचारले, "साखर किती घातली होतीस?"

मी म्हटले, "सर, दोन टक्के."

"मग हवेचा विचार थोडा बाजूला ठेव," ते म्हणाले आणि फ्लास्क माझ्या हातात परत दिला.

शाळेपासून एकच वाक्य पाठ झालेले असते: ऑक्सिजन असेल तर श्वसन, नसेल तर किण्वन. परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळतात आणि ते अगदी चुकीचेही नाही. पण ते ऐकताना असे वाटते, की यीस्टच्या पेशीत एक बटण आहे आणि ते दाबण्याचे काम फक्त ऑक्सिजनकडे आहे. त्या सकाळपासून मला या चित्राचा भरवसा उरला नाही. यीस्टला ऑक्सिजन नेमका कशासाठी लागतो, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात जो राहिला, तो आजतागायत आहे.

सुरुवात साखर फुटण्यापासून करावी लागते. सहा कार्बनचा ग्लुकोजचा रेणू दहा पायऱ्या उतरून जातो आणि तीन-तीन कार्बनचे पायरुवेटचे दोन रेणू हाती येतात. या साऱ्या उतरंडीत पेशीच्या पदरात निव्वळ दोन एटीपी, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे दोन रेणू, पडतात. ऑक्सिजन असो वा नसो, इथवरचा रस्ता एकच आहे, कारण या दहांपैकी एकाही पायरीला ऑक्सिजन लागत नाही. अडचण निराळीच आहे. वाटेत साखरेतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि एनएडी नावाचा वाहक ते उचलतो. भरलेल्या वाहकाला एनएडीएच म्हणतात. पेशीत हे वाहक मोजकेच असतात. ते रिकामे होऊन परत आले नाहीत, तर थोड्याच वेळात सगळे भरून जातील, सहावी पायरी अडेल, आणि चहूकडे साखर असतानाही पेशीचा ऊर्जापुरवठा थांबेल.

म्हणजे पेशीपुढचा खरा प्रश्न इलेक्ट्रॉन कुठे उतरवायचे हा आहे. ऑक्सिजन नसेल तर यीस्ट ते स्वतःच्याच मालावर उतरवते: पायरुवेटमधून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, मागे ॲसिटाल्डिहाइड उरते, ते एनएडीएचकडून इलेक्ट्रॉन घेते आणि त्याचे इथेनॉल होते. पायरुवेटपासून इथेनॉलपर्यंतच्या या दोन पायऱ्यांत एकही एटीपी मिळत नाही, आणि मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. अल्कोहोल हे ऊर्जेचे उत्पादन नव्हे. वाहक रिकामे करताना जे बाजूला ठेवावे लागले, ते म्हणजे अल्कोहोल. १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्णपणे या वाटेने गेले, तर हिशेबाने ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. मूळ साखरेतली बहुतेक ऊर्जा त्या ९२ ग्रॅममध्ये तशीच बंद राहते.

ऑक्सिजन असेल तर इलेक्ट्रॉन उतरवायला दुसरी आणि फार मोठी जागा मिळते. पायरुवेट मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या श्वसनाच्या कप्प्यांत, जाते, तिथे त्याचे पूर्ण विघटन होते, आणि निघालेले इलेक्ट्रॉन साखळीतल्या एकेका प्रथिनाच्या हातून पुढे सरकत शेवटी ऑक्सिजनपर्यंत पोचतात व त्याचे पाणी होते. पाठ्यपुस्तकांत या मार्गाने एका ग्लुकोजमागे ३८ किंवा अलीकडच्या हिशेबाने ३० ते ३२ एटीपी लिहिलेले असतात. आपल्या नेहमीच्या यीस्टला, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसीला, हा आकडा लागू पडत नाही. आपल्या पेशींत इलेक्ट्रॉन साखळीच्या तोंडाशीच प्रोटॉन बाहेर ढकलणारे जे मोठे संयुक्त यंत्र असते, ते या यीस्टमध्ये नाही. त्याच्या जागी एकेका प्रथिनाची साधी विकरे (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) आहेत, जी इलेक्ट्रॉन पुढे देतात पण प्रोटॉन ढकलत नाहीत. आणि बाहेर ढकललेले प्रोटॉन परत आत येतानाच एटीपी बनतात. त्यामुळे इलेक्ट्रॉनांच्या एका जोडीमागे जेमतेम एक एटीपी पडतो. एका ग्लुकोजमधून अशा बारा जोड्या निघतात आणि साखळीबाहेर थेट मिळणारे चार एटीपी वेगळे, म्हणजे एकूण आकडा १६ ते १८च्या आसपास राहतो. दोनच्या मानाने हा आठ-नऊ पट आहे आणि तो काही थोडा नव्हे. पण ३८ आणि २ असा ठोकळ फरक मनात धरून यीस्टकडे पाहिले, की तिचे वागणे उधळपट्टीचे वाटू लागते. तिच्या पुढ्यातला सौदा मुळात त्याहून लहान आहे.

ऑक्सिजनमुळे काय फरक पडतो, हे पहिल्यांदा नीट पाहिले लुई पाश्चरने. १८६१ साली त्याने नोंदवले, की हवा मिळणारे यीस्ट तेवढ्याच साखरेवर कितीतरी अधिक वाढते आणि अल्कोहोल मात्र कमी करते. पुढे १९२०च्या दशकात ओटो वॉरबर्गने या परिणामाला पाश्चरचे नाव जोडले. आज मोजले तर साखर काटकसरीने पुरवलेल्या आणि हवा मिळणाऱ्या यीस्टमध्ये एका ग्रॅम ग्लुकोजमागे सुमारे अर्धा ग्रॅम कोरडे पेशीद्रव्य तयार होते. हवेविना ते जवळपास एक दशांश ग्रॅमवर येते. १८९७मध्ये एडुआर्ड बुखनरने यीस्ट दळून, पिळून काढलेल्या पेशीविरहित रसातही साखरेचे किण्वन होते हे दाखवले आणि ही सारी चर्चा विकरांच्या रसायनात आली. तो इतिहास मोठा आहे, पण इथे मला त्यातल्या दुसऱ्याच एका माणसाकडे वळायचे आहे.

डेव्हिड किलिन केंब्रिजमध्ये कीटकांवर काम करत होता. त्यांच्या स्नायूंतले एक रंगद्रव्य तो छोट्या वर्णपटदर्शकातून पाहत असे. त्याच्या वर्णपटात चार काळे पट्टे दिसत आणि तेच चार पट्टे यीस्टमध्येही दिसत. एके दिवशी त्याने दाबलेल्या यीस्टचा तुकडा परीक्षानळीतल्या पाण्यात टाकून जोराने हलवला आणि नळी उपकरणासमोर धरली. पट्टे नव्हते. नळी बाजूला करण्याआधीच ते एकदम उमटले. पुन्हा हलवली, पट्टे गेले. धरून ठेवली, परत आले. हलवताना पाण्यात हवा मिसळत होती, रंगद्रव्यावरचे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे जात होते आणि पट्टे पुसले जात होते. नळी स्थिर होताच पेशी पाण्यातला ऑक्सिजन पाहता पाहता संपवत होत्या, इलेक्ट्रॉन रंगद्रव्यावरच अडकून राहत होते आणि पट्टे पुन्हा दिसत होते. १९२५मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात त्याने या द्रव्याला सायटोक्रोम हे नाव दिले. एका नळीत, नुसत्या डोळ्यांनी, पेशीचे श्वसन चालू होताना आणि थांबताना पाहता यावे, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

वर्णपटदर्शक हाती नसेल तर हेच मिथिलीन ब्लूने पाहता येते. आम्ही ते करत असू. यीस्टच्या दाट, गढूळ मिश्रणात या रंगाचे थोडे थेंब टाकले की नळी निळी होते. ती स्टँडमध्ये ठेवून द्यायची. तळाकडून निळेपणा विरत जातो आणि काही मिनिटांत सगळी नळी दुधाळ होते. फक्त वर, जिथे द्रव हवेला टेकलेला असतो, तिथे एक बारीक निळी चकती टिकून राहते. ऑक्सिजन पाण्यात जेवढा खोल पोचतो, तेवढीच त्या चकतीची जाडी असते. नळीला अंगठा लावून उलटीसुलटी केली की सगळे परत निळे होते. त्या चकतीकडे पाहताना कळते, की नळीचे तोंड उघडे असणे आणि नळीतल्या पेशींना ऑक्सिजन मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

याचा हिशेबही सोपा आहे, आणि सरांच्या प्रश्नानंतर मी पहिल्यांदा तोच मांडला. ३० अंशांना एक लिटर पाण्यात हवेतला ऑक्सिजन साधारण साडेसात मिलिग्रॅम विरघळतो. माझ्या ५० मिलिलिटरमध्ये म्हणजे ०.४ मिलिग्रॅमही नाही. त्याच ५० मिलिलिटरमध्ये ग्लुकोज होते एक ग्रॅम, आणि ते पूर्ण जाळायला एका ग्रॅमहून किंचित अधिक ऑक्सिजन लागतो. फ्लास्कमधल्या उरलेल्या २०० मिलिलिटर हवेत जेमतेम ५०-५५ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. बाकीचा सगळा कापसाच्या बोळ्यातून आत यायचा आणि मग पाण्यात उतरायचा. हे पाहून मला हायसे वाटले, कारण पाठ केलेला नियम शाबूत राहत होता: माझ्या पेशींना हवा कमी पडली असणार. म्हणून मी प्रयोग पुन्हा केला. या वेळी ५०० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये फक्त २० मिलिलिटर माध्यम घेतले, फेरे वाढवले आणि पेशी अजून विरळ असतानाच, वाढ सुरू झाल्यावर काही तासांत, बोळा काढून पाहिला. वास मंद होता, पण होता.

हवेचा विचार बाजूला ठेव, असे सर का म्हणाले ते तेव्हा समजू लागले. १९२९मध्ये हर्बर्ट क्रॅबट्रीने कर्करोगाच्या गाठींच्या ऊतींवर पाहिले होते, की ग्लुकोज दिले की त्यांचे श्वसन मंदावते. १९६६मध्ये डी डेकेनने यीस्टच्या वेगवेगळ्या जाती तपासल्या आणि आपल्या नेहमीच्या यीस्टसह अनेक जाती हवा असतानाही साखर मुबलक मिळाल्यास अल्कोहोल करतात हे दाखवले. यालाच आता यीस्टमधला क्रॅबट्री परिणाम म्हणतात. सगळ्याच जाती असे करत नाहीत. दुधातल्या साखरेवर वाढणारी क्लुइव्हेरोमायसिस लॅक्टिस हवा असेपर्यंत श्वसनावरच राहते.

हे हवेच्या तुटवड्यामुळे होत नाही, याचा स्वच्छ पुरावा सतत संवर्धनाच्या प्रयोगांत मिळतो. पात्रात ताजे माध्यम ठरावीक गतीने येत राहते, तेवढेच बाहेर जात राहते, हवा जोरात फुंकलेली असते आणि विरघळलेला ऑक्सिजन क्षणोक्षणी मोजला जातो. माध्यम सावकाश सोडले तर पेशी मिळेल ती साखर लगेच उचलतात, पात्रात साखर जवळपास शिल्लक राहत नाही आणि अल्कोहोलचा मागमूस नसतो. आवक वाढवत नेली की एक उंबरठा येतो. वाणागणिक तो थोडा बदलतो, पण पेशी सुमारे अडीच तासांत दुप्पट होऊ लागल्या की साधारण तिथे तो असतो. त्याच्या पलीकडे अल्कोहोल दिसू लागते, आणि त्या वेळीही पात्रात ऑक्सिजन मुबलक असतो.

यामागे काय आहे? एक भाग नियंत्रणाचा आहे: ग्लुकोज भरपूर असताना श्वसनाच्या यंत्रणेतल्या अनेक प्रथिनांची जनुकेच दाबून ठेवली जातात. पण पेशीने असे का करावे, यावर मला सर्वात पटलेले स्पष्टीकरण प्रथिनांच्या खर्चाचे आहे. मायटोकॉन्ड्रिया, इलेक्ट्रॉन साखळी, एटीपी बनवणारे यंत्र हे सगळे उभारायला प्रथिने खूप लागतात आणि पेशीत प्रथिनांना जागा मर्यादित असते. किण्वनाची विकरे साखरेमागे एटीपी कमी देतात, पण गुंतवलेल्या प्रथिनाच्या प्रत्येक ग्रॅममागे दर मिनिटाला अधिक देतात. साखर दुर्मीळ असेल तेव्हा तिचा कण न् कण वसूल करायला हवा. साखर भरभरून असेल तेव्हा वेळ आणि जागा वाचवायला हवी. यावर अजून वाद आहे आणि तो संपलेला नाही, पण पेशीकडे तोट्यात चालणारा कारखाना म्हणून न पाहता तिच्या हिशेबातली खरी टंचाई कोणती, हे शोधायला लावणारे हे स्पष्टीकरण आहे. अल्कोहोलने इतर सूक्ष्मजीव मरतात आणि यीस्टचे फावते, हे दुसरे कारणही नेहमी दिले जाते. ते खरे असेल, पण विरळ वस्तीत, अल्कोहोल अजून नाममात्र असताना, त्याने फार काही साधत असेल असे मला वाटत नाही.

मी तो दुसरा फ्लास्क फेकला नाही. तो आणखी दोन दिवस शेकरवर फिरत राहू दिला. तिसऱ्या दिवशी वास गेला होता. थोडे अल्कोहोल कापसातून उडालेही असेल, पण माध्यमाचा गढूळपणा मोजला तर तो पहिल्या सकाळपेक्षा स्पष्ट वाढला होता, आणि साखर तर केव्हाच संपलेली होती. पेशींनी आपणच बाजूला ठेवलेले इथेनॉल परत उचलले होते. साखर संपली की वाढ काही काळ अडखळते, त्या अवधीत दाबलेली जनुके उघडतात, श्वसनाची यंत्रणा उभी राहते आणि इथेनॉलचे पुन्हा ॲसिटाल्डिहाइड करणारे वेगळे विकर तयार होते. इथेनॉल करणाऱ्या आणि इथेनॉल वापरणाऱ्या विकरांसाठी दोन वेगळी, पण एकमेकांची भावंडे शोभावीत अशी जनुके आहेत. इथे मात्र ऑक्सिजनशिवाय गत्यंतर नसते, कारण इथेनॉलवर श्वसन करता येते, किण्वन करता येत नाही. साखरेच्या दिवसांत जो ऑक्सिजन जवळपास ऐच्छिक होता, तोच या टप्प्यावर अपरिहार्य होतो.

पावासाठीचे यीस्ट बनवणाऱ्या कारखान्यांनी हे ज्ञान नाव मिळण्याआधीच वापरात आणले होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास युरोपात अशी पद्धत रुळली, की मोठ्या टाकीत हवा जोरात सोडायची आणि साखरेचे पाणी एकदम न ओतता, पेशींच्या भुकेइतकेच, थोडे थोडे सोडत राहायचे. आवक जरा जास्त झाली की अल्कोहोल दिसते आणि यीस्टचे उत्पादन घटते. म्हणून टाकीतून बाहेर पडणाऱ्या हवेतल्या अल्कोहोलवर नजर ठेवून साखरेची धार कमी-जास्त करतात. माझ्या फ्लास्कमध्ये एक ग्रॅम साखर पहिल्या क्षणापासून हजर होती, आणि सरांच्या प्रश्नाचा रोख तिकडेच होता.

इथपर्यंत मी ऑक्सिजनकडे ऊर्जेच्या बाजूनेच पाहत होते. मग एका वाचनात १९५३ आणि १९५४मधले आंद्रेआसेन आणि स्टायर यांचे काम समोर आले. यीस्ट हवेविना जगते, हे तर पाश्चरपासून सर्वांना ठाऊक होते. पण ऑक्सिजन खरोखर काटेकोरपणे काढून टाकला, तर साखर, क्षार, जीवनसत्त्वे सगळे असूनही पेशी काही पिढ्या विभागतात आणि थांबतात. त्या दोघांनी दाखवले, की माध्यमात एर्गोस्टेरॉल आणि ओलेइक आम्लासारखे असंतृप्त मेदाम्ल घातले, तर वाढ पुन्हा चालू राहते. कारण पेशीच्या पटलासाठी लागणारे हे दोन्ही घटक बनवताना यीस्ट ऑक्सिजनचा रेणू थेट वापरते. स्क्वालिन या आधीच्या रेणूपासून एर्गोस्टेरॉलच्या एका रेणूपर्यंत जाताना ऑक्सिजनचे बारा रेणू खर्ची पडतात, आणि मेदाम्लाच्या साखळीत दुहेरी बंध घालणाऱ्या विकरालाही ऑक्सिजन हवाच असतो. इथे ऑक्सिजन ऊर्जेसाठी जळत नाही. तो सुताराच्या पटाशीसारखा, रेणू घडवताना लागतो. अगदी थोडा, पण लागतोच. हवा बंद केल्यावर पेशी आधी साठवलेले स्टेरॉल विभाजनातून होणाऱ्या नव्या पेशींमध्ये वाटत जातात, प्रत्येक विभाजनाला वाटा निम्मा होतो, आणि पटल नीट राहण्यापुरताही वाटा उरला नाही की वाढ संपते. किण्वनाचा व्यवसाय करणारे लोक सुरुवातीलाच यीस्टला थोडी हवा देतात, ती याच साठ्यासाठी.

ऑक्सिजन आहे की नाही, हे पेशीला कळतेही अशाच एका आडवाटेने. हीम हा सायटोक्रोममधला लोहयुक्त गाभा बनवायला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन असेल तर हीम बनते आणि ते एका नियंत्रक प्रथिनाला चिकटले, की श्वसनाची जनुके चालू होतात व हवेच्या टंचाईसाठी राखलेली जनुके दाबली जातात. ऑक्सिजन गेला की हीम कमी होते आणि तो दाब सुटतो. म्हणजे पेशी प्रत्यक्ष ऑक्सिजन मोजत नाही. ऑक्सिजनशिवाय जे बनू शकत नाही, ते किती आहे हे पाहते.

शेवटचा प्रयोग मी पदवी मिळण्याच्या थोडा आधी केला. १९४९मध्ये बोरिस एफ्रुसी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पॅरिसमध्ये पाहिले होते, की ॲक्रिफ्लेविन या रंगद्रव्याच्या सान्निध्यात वाढवलेल्या यीस्टमधून फार मोठ्या संख्येने खुज्या वसाहती निघतात. या पेशींना श्वसन करता येत नाही. त्यांच्या मायटोकॉन्ड्रियातला डीएनए बिघडलेला किंवा नाहीसा झालेला असतो. मी ग्लुकोजच्या आगर थाळीवर अशा रीतीने वाढवलेल्या यीस्टच्या पेशी पसरल्या. दोन-तीन दिवसांनी मोठ्या, फुगीर वसाहतींमध्ये टाचणीच्या डोक्याएवढ्या बारीक वसाहती दिसल्या. थाळीवर टेट्राझोलियम मिसळलेले पातळ, कोमट आगर हलकेच ओतले. हा क्षार रंगहीन असतो आणि श्वसन करणाऱ्या पेशींचे इलेक्ट्रॉन मिळाले की लाल होतो. थोड्या वेळात मोठ्या वसाहती एकेक करून गुलाबी आणि मग गडद लाल झाल्या. बारीक वसाहती पांढऱ्याच राहिल्या.

त्या पांढऱ्या ठिपक्यांकडे मी बराच वेळ पाहत बसले. त्यांच्याभोवती सगळीकडे हवा होती आणि त्या हवेतून त्यांना एकही एटीपी मिळवता येत नव्हता. तरी त्या हवेतला थोडासा ऑक्सिजन त्या घेत होत्या, त्यातून एर्गोस्टेरॉल बनवत होत्या, त्याचे पटल घडवत होत्या आणि आगरमधली साखर संपेपर्यंत सावकाश विभागत होत्या.